मेलेला पक्षी पुरून टाकू नका: नाशिकच्या वनाधिकाऱ्यांना आणि प्राणिशास्त्र विभागांना खुले पत्र

प्रति,
उपवनसंरक्षक, नाशिक जिल्ह्यातील सर्व वनविभाग,
आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभागप्रमुख

विषय: अपघाताने मेलेल्या पक्ष्यांचे नमुने नोंदीसह जतन करण्याबाबत

महोदय, महोदया,

मागणी आधी सांगून टाकते, कारण अर्जाचं तिसरं पान कोणी वाचत नाही हे मलाही ठाऊक आहे. जिल्ह्यात दरवर्षी मांजात अडकून, विजेच्या तारांना धडकून, गाड्यांखाली सापडून कितीतरी पक्षी मरतात. त्यातल्या काहींचा पंचनामा होतो, बहुतेकांचा होत नाही, आणि शेवटी सगळेच जाळले किंवा पुरले जातात. यापुढे त्यातले धड अवस्थेतले पक्षी गोठवून ठेवावेत, त्यांची कातडी रीतसर काढावीत, पायाला चिठ्ठी बांधावी आणि ती जिल्ह्यातल्याच एखाद्या महाविद्यालयात सांभाळावीत. मागणी एवढीच. उरलेल्या पत्रात फक्त कारणं आहेत.

पहिलं कारण रानपिंगळा, एक लहान घुबड. आपल्याच महसूल विभागातल्या नंदुरबारचा हा पक्षी. एकशे तेरा वर्षं हरवला आणि मग सापडला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तो सापडला कसा, हा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मागणीचं मूळ तिथेच आहे.

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात, बसना-फुलझरच्या बाजूला, एक लहानसं घुबड मिळालं. त्यांनी ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवलं, आणि ह्यूमनी १८७३ मध्ये ब्लेविट यांच्या नावाने नवी जात जाहीर केली. (काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. दिवसा सरकारी नोकरी आणि उरलेला सगळा वेळ पक्षी, असा त्यांचा संसार होता.) पुढे व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशाच्या बाजूला आणखी एक मिळालं. १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या रानात, आणखी काही मिळवली. १८७२ ते १८८४ या काळातले सगळे मिळून नमुने झाले सात. पुढे पक्षी जणू रानातून उठून गेला.

एकच नोंद त्याला अपवाद होती, आणि तिनेच सगळा घोळ केला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने आपल्या संग्रहात एक रानपिंगळा दाखवला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापीकाठ, १९१४. माणूस वजनदार, युद्धातल्या पराक्रमाच्या कथांनी प्रसिद्ध, संग्रह सुमारे वीस हजार कातड्यांचा. त्याच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? त्यामुळे विसाव्या शतकात ज्यांनी हा पक्षी शोधला, त्यातल्या अनेकांनी सुरत जिल्ह्यातल्या त्या मांडवीच्या आसपासची रानं पालथी घातली. हाती काही लागलं नाही. सगळ्यात अलीकडची नोंद तिथलीच म्हटल्यावर दुसरीकडे पाहायला जायचं कारणही कोणाला वाटलं नाही.

१९९० च्या दशकात पामेला रॅस्मुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाई जुन्या संग्रहांतली कातडी एकेक करून तपासत होत्या. हा ‘मांडवीचा’ नमुना त्यांना खटकला. कातडं एकदा भरलेलं उसवून पुन्हा भरलेलं होतं. मूळची बांधणी होती डेव्हिडसनच्या हातची. कातडं करण्याची प्रत्येकाची एक ढब असते, शिवणकामासारखी, आणि जाणकाराला ती ओळखू येते. निष्कर्ष निघाला तो असा: ब्रिटिश संग्रहालयातलं डेव्हिडसनचं जुनं कातडं कर्नलसाहेबांनी उचललं, नव्याने भरलं आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली. याच संग्रहालयाने १९१९ मध्ये परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल त्यांना पक्ष्यांच्या दालनात यायला बंदी केली होती. तरीही १९५४ मध्ये त्यांचा संग्रह त्याच संग्रहालयाने स्वीकारला. मोठ्या माणसांचं सगळं खपतं, ही काही फक्त आपल्याकडची रीत नव्हे.

खोटी चिठ्ठी बाजूला पडली आणि उरल्या खऱ्या चिठ्ठ्या. रॅस्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट १९९७ च्या नोव्हेंबरात आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेले. तिथे काही सापडलं नाही म्हणून डेव्हिडसनच्या खानदेशात आले. २५ नोव्हेंबरला शहाद्याजवळ एका उघड्या झाडावर, भर उजेडात, रानपिंगळा बसलेला दिसला. आपल्या घराजवळच्या नेहमीच्या पिंगळ्यापासून तो वेगळा ओळखायचा कसा, हे पुस्तकांत नीट नव्हतं. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे पांढऱ्या पिसांनी भरलेले, चण दणकट, ही लक्षणं त्यांनी आधी संग्रहातल्या कातड्यांवरून पाठ केली होती. म्हणून तर एका नजरेत खात्री पटली.

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट अशी एकेक ठिकाणं सापडत गेली. २०१४ मध्ये तर तो तानसा अभयारण्यात, म्हणजे आपल्या इगतपुरीच्या घाटाखाली, दिसला. आता नकाशा समोर ठेवा. वर शहादा, खाली तानसा. मध्ये कोण? सुरगाणा, पेठ, हरसूल, कळवण. सागाची रानं, आदिवासी पाडे, आणि रात्री बेफाम धावणाऱ्या पिकअप गाड्या. त्या रस्त्यावर एखादं लहान घुबड गाडीच्या काचेवर आदळून मेलं, तर त्याच्या माथ्यावर ठिपके होते की नव्हते हे कोण पाहतं? कोणी पाहिलंच तरी दोन दिवसांनी ते दाखवायचं काय? एक धूसर फोटो, तोही मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेला.

जुन्या नोंदींकडे वळते. ‘नाशिकच्या पक्ष्यांच्या जुन्या नोंदी फारशा नाहीत’ असं आपल्याकडे वरचेवर ऐकू येतं. मला हे पटत नाही. त्या आहेत, पण नाशिकच्या नावाखाली नाहीत. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी आपला दक्षिणेकडचा बराच मुलूख अहमदनगरात होता आणि मालेगाव-बागलाणकडचा खानदेशात. पेठ तर संस्थान होतं, ते १८७८ मध्ये खालसा होऊन जिल्ह्याला जोडलं गेलं. म्हणजे १८५० साली चांदवडच्या डोंगरात कोणी पक्षी टिपला असेल, तर त्याच्या चिठ्ठीवर नाशिक शोधून सापडणार नाही. ‘खानदेश’ सापडेल, ‘नगर’ सापडेल, नाहीतर नुसतंच ‘दख्खन’.

या ‘दख्खन’ शब्दाच्या पोटात फार मोठा ऐवज आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. १८२० च्या दशकात त्यांनी दख्खनभर फिरून जमीनमहसूल, लोकसंख्या, पाऊस, पिकं यांचे आकडे गोळा केले आणि त्याबरोबर पक्षी-प्राणीही. १८३२ मध्ये लंडनमध्ये त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. आज आपल्या बांधावर रोज दिसणारे कितीतरी पक्षी शास्त्राच्या दप्तरात पहिल्यांदा आले ते या यादीतून. पाणथळीत दगडासारखी उभी राहणारी ढोकरी, माळावरचा राखी खाटीक, दगडाळ माळावरचा लावा, टोळीने कलकलाट करणारा मोठा राखी सातभाई. या सातभाईला त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. वरिष्ठांना खूश ठेवण्याची ही तऱ्हा मात्र आजच्या कोनशिलांपेक्षा बरी म्हणायची, निदान ती दोनशे वर्षं टिकली.

ढोकरी किंवा सातभाई तेव्हा दुर्मीळ नव्हते, आजही नाहीत. तरी साइक्सनी ते उचलून नीट वर्णन केले, म्हणून ती नोंद आज मोलाची आहे. याच्या उलटही एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या साहेबाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, असा आकडा माळढोकावरच्या लिखाणात नेहमी दिला जातो. नऊशे एकसष्ट! आज साऱ्या देशात मिळून इतके माळढोक नाहीत. त्यातला नर कोणता, मादी कोणती, कुठल्या माळावर, कुठल्या महिन्यात, पोटात काय होतं, यातलं त्या आकड्यावरून काही कळत नाही. ती शिकार होती. साइक्सनी केली ती नोंद. बंदूक दोघांच्याही हातात होती, म्हणून आपण दोघांना एकाच तागडीत टाकतो आणि सगळा जुना संग्रह ‘साहेबांचा क्रूर छंद’ म्हणून सोडून देतो.

तणमोराचंही तेच, म्हणजे माळढोकाच्या कुळातल्या लहान पक्ष्याचं. नाशिक, नगर, सोलापूर या जिल्ह्यांच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर वीण घालत, हे जुन्या पक्षिग्रंथांत नोंदलेलं आहे. आज येवला-नांदगावच्या माळावर तणमोराची उंच उडी पाहायची म्हटलं, तर डोळे शिणतील. पण तो इथला होता हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो ते फक्त कोणीतरी जिल्ह्याचं नाव लिहून ठेवलं म्हणून. माळावर सौरऊर्जेचे पट्टे टाकायचे की गवत राखायचं, असा वाद उद्या उभा राहिला, तर ती एक ओळ कागदावर दाखवता येते. ‘आमचे आजोबा सांगायचे’ हे सुनावणीत चालत नाही.

या लोकांनी सगळं छान जपलं, असंही नाही. ह्यूम यांच्या सिमल्याच्या बंगल्यात हिवाळ्यात ते नसताना नोकराने त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. भारतीय पक्ष्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ तिथेच संपला. खचलेल्या ह्यूमनी १८८५ मध्ये आपला संग्रहच ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. ऐंशी हजारांच्या घरातला तो ऐवज, कातडी आणि अंडी, पेट्या भरभरून विलायतेला गेला. आज नाशिक-खानदेशाचा जुना पक्षी हातात घेऊन पाहायचा, तर आपल्याला इंग्लंडमधल्या ट्रिंग गावी जावं लागतं, कारण त्या संग्रहालयाचे पक्षी आता तिथे आहेत.

त्याच पेट्यांत एक लहानसा, मातकट रंगाचा, कोणाचं लक्षही जाऊ नये असा वटवट्या होता. ह्यूमनी तो १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात टिपला होता. तशा जातीचा जगातला तो एकुलता एक नमुना. शंभरावर वर्षं तज्ज्ञ वाद घालत राहिले की ही खरंच वेगळी जात आहे की नेहमीच्याच एखाद्या वटवट्याचा विचित्र नग. २००२ मध्ये त्या कातड्याच्या डीएनएवरून जात वेगळी असल्याचं ठरलं, आणि २००६ मध्ये थायलंडमध्ये पक्ष्यांना कडी घालताना तसाच एक जिवंत वटवट्या जाळ्यात आला. ह्यूम यांच्या काळी डीएनए या गोष्टीचा मागमूसही नव्हता. त्यांनी फक्त पक्षी ठेवला आणि त्याच्यावर ठिकाण-तारीख लिहिली. प्रश्न विचारणारे पुढे जन्मले.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे: पक्षी मारून संग्रह करायचे दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं. पण मी एकही पक्षी मारा म्हणत नाही. ते आधीच मरतायत. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस आकाश पतंगांनी भरतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो कुठे ना कुठे विकला जातोच. घारी, बगळे, शराटी, गव्हाणी घुबडं पंख कापून खाली येतात. काही वाचतात, कारण पक्षिमित्र रात्र-रात्र जागतात. वाचत नाहीत त्यांचं काय होतं? मुंबई-आग्रा महामार्गावर आणि पेठ रस्त्यावर रातवे मरतात. रातवा ही अशी जमात आहे की झाडीत बसलेला असताना दहा जाणकार दहा नावं सांगतील, आणि हातात आला की पंखाची लांबी मोजून आणि शेपटीवरचा पांढरा पट्टा पाहून दोन मिनिटांत निकाल लागेल. तो हातात येतो, आणि आपण खड्डा खणतो.

दुसरा आक्षेप, फोटो आहेत की. आहेत, आणि नाशिकचे छायाचित्रकार उत्तम आहेत. नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पक्ष्यांपेक्षा लेन्स जास्त असतात असं आम्ही गमतीने म्हणतो. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं, त्यात या फोटोंचा आणि पक्षिगणनेच्या याद्यांचा वाटा कमी नाही. पण फोटोच्या यकृतात विष तपासता येत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. गिधाडांचं आठवा. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशातून ९९ टक्क्यांहून अधिक संपली. आधी सगळ्यांना वाटलं, कसली तरी साथ असेल. उत्तर मिळालं ते पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली तेव्हा. आतले अवयव युरिक आम्लाच्या पांढऱ्या थराने माखलेले होते आणि मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक सापडलं. गुरांना दिलं जाणारं दुखण्यावरचं औषध. २००४ मध्ये हे छापून आलं, २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. अंजनेरीच्या कड्यावर आज लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, त्यांच्या नशिबाचा एक धागा त्या शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत जातो. जुन्या याद्यांत मात्र गिधाड बहुधा ‘सगळीकडे, भरपूर’ एवढ्यावर उरकलेलं असतं. भरपूर असलेल्या पक्ष्याची कातडी ठेवायची कोणाला पडली होती? म्हणून माझं म्हणणं दुर्मीळ पक्ष्यांपुरतं नाही. चिमणी, घार, पारवा, साळुंकी, सगळं हवं.

इंग्लंडात बहिरी ससाणे कमी होऊ लागले तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या संशोधकाने जुने अंडी गोळा करणारे छंदिष्ट गाठले. त्या छंदाला तिथे तोवर वाईट दिवस आले होते, चोरीचाच प्रकार म्हणायचे. पण त्यांच्या खोक्यांत तारखा लिहिलेली अंडी होती. ती तोलून-मापून रॅटक्लिफने १९६७ मध्ये दाखवलं की १९४७ च्या सुमारापासून कवच एकदम पातळ झालं, म्हणजे डीडीटी हे कीटकनाशक शेतात आल्याबरोबर. आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर ऑक्टोबर छाटणीपासून किती फवारण्या होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या बागांतले उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या यकृतात काय साठतं? दहा वर्षांपूर्वी काय साठत होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता कधीच मिळणार नाही. पहिल्याचं मिळू शकेल, जर एखाद्या फ्रीझरमध्ये तारीख लिहिलेली घुबडं असतील.

पिसांचंही सांगते. २०१७ मध्ये शिकागोच्या दोन संशोधकांनी १३५ वर्षांतले हजारावर पक्षी संग्रहातून काढले आणि छातीच्या पिसांवर बसलेली काजळी मोजली. कुठल्या काळात हवेत किती कोळशाचा धूर होता, हे पक्ष्यांच्या अंगावरून वाचता आलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राजवळच्या चिमण्या आणि त्र्यंबकच्या चिमण्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर काय दिसेल, मला उत्सुकता आहे. आणि विमानांचं म्हणाल, तर १९६० मध्ये बॉस्टनला एक विमान उडताच कोसळलं, ६२ माणसं गेली. इंजिनातली पिसं रॉक्सी लेबर्न या पिसांच्या जाणकार बाईंनी संग्रहालयातल्या कातड्यांशी जुळवली आणि साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंगचे थवे इंजिनात गेल्याचं ठरलं. विमानतळाभोवती कुठले पक्षी, त्यांना काय आकर्षून घेतं, याचा अभ्यास तिथून मार्गी लागला. आपल्या ओझरलाही विमानं उतरतात.

तिसरा आक्षेप कायद्याचा. तो तुम्हीच घ्याल, म्हणून मीच लिहिते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता. कोणी उचलून घरी नेला तर गुन्हा, आणि तो असायलाच हवा, नाहीतर दिवाळीत घुबडांचा बाजार भरवणारे ‘मेलेलं सापडलं’ म्हणून मोकळे होतील. पण त्याच कायद्याचं कलम १२ शिक्षण, संशोधन आणि मान्यताप्राप्त संग्रहालयांसाठी परवानगीची सोय करतं. मालमत्ता सरकारचीच राहू द्या. महाविद्यालय फक्त सांभाळेल, शिक्का तुमचा, नोंदवही तुमची, वर्षातून एकदा मोजणी तुमची. बहुधा जप्तीच्या मालाची जी व्यवस्था तुम्ही आधीपासून करता, त्याहून हे अवघड नाही.

एक काळजी मात्र खरी आहे. देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ २००६ मध्ये नवापूरला, आपल्या विभागातच, आली होती. एका ठिकाणी अनेक पक्षी मेले, कारण समजत नाही, तर त्याला कोणी हात लावू नये. पशुसंवर्धन विभागाला कळवावं, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जावेत. माझी मागणी एकट्यादुकट्या, उघड अपघाताने मेलेल्या पक्ष्यांपुरती आहे, आणि तीही हातमोजे घालून.

कातडं काढणार कोण, हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केल्यापासून कात्री-चिमटा धरणारे हात कमी झाले, हे कबूल. जुन्या महाविद्यालयांत कपाटावर पेंढा भरलेला एखादा मोर असतो, डोळ्याच्या जागी मणी, पिसांना कसर, आणि चिठ्ठी नाही. कुठला, कधीचा, कोणी आणला, कोणालाच माहीत नाही. तो मोर टाकून द्या असं मी म्हणणार नाही, पण तो नमुना नाही, शोभेची वस्तू आहे. नमुना करायचं कौशल्य अजून महाराष्ट्रात आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं केंद्र आहे. दोन-चार शिक्षक आणि वनरक्षक तिथे आठवडाभर बसले तर शिकून येतील. सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी सुरू केली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, हे आपण विसरतो. हे काम फक्त साहेबांचं कधीच नव्हतं.

आणि चिठ्ठीचं. चिठ्ठीवर गाव लिहा, तालुका लिहा, जीपीएसचा आकडा लिहा. पुढे जिल्ह्याची हद्द पुन्हा बदलली तर आपली नोंद ‘दख्खन’ होऊन बसायला नको. तारीख पूर्ण. सापडला कोणाला त्याचं नाव, मग तो टोलनाक्यावरचा कर्मचारी असो की सुरगाण्याचा गुराखी. आंध्रातला जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता. १९८६ मध्ये तो हाती आला तो ऐतण्णा नावाच्या स्थानिक पारध्यामुळे, रात्री विजेरी घेऊन फिरताना. शास्त्रज्ञाइतकंच त्याचंही नाव त्या नोंदीत आहे, ते बरोबरच आहे. त्याखेरीज वजन, डोळ्याच्या बुबुळाचा आणि चोचीचा रंग लिहा, कारण हे रंग काही तासांत उडतात. नर की मादी. मेला कशाने. स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा निर्भेळ अल्कोहोलच्या नळीत, यकृताचा तुकडा गोठवून. लिखाण पेन्सिलीने किंवा काळ्या पक्क्या शाईने, बॉलपेनने नको, ते दहा वर्षांत पुसतं. नोंदवहीची एक प्रत वनविभागात, एक महाविद्यालयात, एक मुंबईला. ह्यूम यांची रद्दी आठवा.

पक्षीनिरीक्षक मित्रांनाही जाता जाता एक वाक्य. ‘नाशिकमध्ये प्रथमच!’ असा संदेश टाकून ठिकाण लपवायचं, तारीख ‘परवा’ लिहायची, ही सवय सोडा. घरट्याचं ठिकाण जगजाहीर करू नका, जरूर, पण नोंदवहीत ते खरं लिहा. एका कर्नलच्या खोट्या चिठ्ठीने किती माणसांची किती वर्षं खाल्ली ते वर लिहिलंच आहे.

कलम १२ ची परवानगी नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते आणि त्याला वेळ लागतो. पुढच्या संक्रांतीला येवल्यात पहिला पक्षी रीतसर पिशवीत जायचा असेल, तर प्रस्ताव दिवाळीच्या आत इथून निघायला हवा. महाविद्यालयाचं संमतीपत्र, नोंदवहीचा नमुना आणि फ्रीझर ठेवायची कुलपाची जागा, एवढं प्रस्तावाला जोडावं लागेल. मसुदा लिहून द्यायला आम्ही काही जण तयार आहोत. भेटीची वेळ कळवावी, ही विनंती.

आपली,
निफाड तालुक्यातली एक पक्षीनिरीक्षक